साफ हात

बळीरामने दोन्ही हात पुढे केले तेव्हा कांताला आधी बरंच वाटलं. पांढऱ्या सदऱ्याच्या अर्ध्या बाहीखाली नवऱ्याची कातडी गुळगुळीत दिसत होती. गजकर्णाची ती लाल कडी, खाजवून खाजवून ओली झालेली, कुठेच नव्हती.

मग तिच्या मनात आलं, इतक्या लवकर?

मरोद्याच्या विहारात त्रिशरण-पंचशील नुकतंच आटोपलं होतं. आता आजोबांनी नातीला मांडीवर घेऊन बुद्धमूर्तीसमोर बसायचं, आणि तिचं नाव जाहीर व्हायचं. कुम्हारीहून आलेली व्याह्यांकडची माणसं सतरंजीवर सरकून त्याला जागा करून देत होती.

"मम्मी, बाबा का तो एकदम साफ हो गया," इथल्या हिंदीत वाढलेली गुंजन म्हणाली. लेकीचा चेहरा खुलला होता. "दे दूँ ना?"

"दे न वं," तिच्या सासूबाई चंदाबाई हसल्या. "पोरगी झाली तवा दवाखान्यात मीच म्हटलं होतं, व्याही, तुमी दुरूनच पाहा. आता कायले अडवू?"

बळीरामची मान ताठ झाली. त्या दिवशी तो हात पाठीमागे धरून दारातच उभा राहिला होता.

कांता त्याच्याजवळ सरकली. मलमाचा गोडसर वास तिला लगेच आला.

"ट्यूब लावली तुमी."

"हळू बोल."

"कोणं देल्ली?"

"कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर ज्याच्या त्याच्या लॉकरमंदी पडली असते. तंबाखूच्या खर्र्यासारखी वाटून घेतो आमी." तो हसायला गेला, ती हसली नाही. "तुया डॉक्टरीणीच्या गोळ्यानं त उलटा लाल होऊन राहिलो होतो."

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. बुरशी कातडीत शिरली की शरीर तिच्याशी झगडतं. ती लाली, ती खाज म्हणजे ते झगडणं. ही ट्यूब झगडणाऱ्यालाच झोपवते. वरून सगळं शांत दिसतं आणि आत बुरशी आरामात पसरते, जवळ येईल त्यालाही लागते. ट्यूब सोडली की अंग आधी पेटून उठेल. तेव्हा गोळ्या घेत राहा आणि धीर धरा. बळीरामने तिथे मान डोलावली होती. घरी आल्यावर मात्र म्हणाला, "शरीर जागं झालं त मले कावून झोपू देऊन नाही राहिलं?"

"आजच्यापुरतं," तो आता पुटपुटला. "एक डाव घेऊ दे तिले. मंग नाही लावत."

"आन् तिले लागलं त?"

"काही दिसून राहिलं का कुठं?"

"तेच त भेव आहे."

गुंजनने बाळ पुढे केलंच. बळीरामच्या कोपराला त्या इवल्या डोक्याचा स्पर्श होणार, तेवढ्यात कांताने मधेच हात घालून बाळ आपल्याकडे घेतलं. बळीरामचे हात तसेच पुढे राहिले.

"कावून ओ विहीणबाई?" चंदाबाईंनी विचारलं. "बरे झाले न व्याही?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण खोटं बोलणार नाही असं ती पंचशीलात रोज सकाळी म्हणायची, आणि आत्ताच सगळ्यांसोबत पुन्हा म्हणून झालं होतं.

"नाही झाले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "वरून दबलं आहे. आतून आहे तसंच आहे."

चंदाबाईंनी उठून बाळ तिच्याकडून घेतलं. टोपडं नीट केलं, दुपट्यात पाय झाकले, आणि स्वतःच मूर्तीसमोर जाऊन बसल्या.

"बाबा, आपको पता था?" गुंजनने विचारलं.

बळीराम उठला आणि बाहेर गेला.

कांता मागोमाग आली. तो चपलांच्या ढिगाजवळ पायरीवर बसला होता.

"मले काय हौस होती का चारचौघात बोलायची?" ती म्हणाली. "कितीक डाव सांगितलं तुमाले. कितीक डाव."

त्याने खिशातून ट्यूब काढली आणि तिच्याकडे न बघता पायरीवर ठेवली. आतून 'साधू, साधू, साधू' ऐकू आलं. नाव ठेवून झालं होतं. काय ठेवलं ते दोघांनाही ऐकू आलं नाही.

"घे," तो म्हणाला. "आता पुन्हा लालभडक होईन. हातापासून मानेलोक. मंग तूच जा कुम्हारीले आन् सांग त्याईले, हा माणूस आता बरा होऊन राहिला म्हणून. पाह्य मंग कोण मानते."