रिकाम्या घराची गाणी

सरका बाप्पा जवळ, मांडी घालून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण कान देऊन ऐकाल तर घरापर्यंत सोबत येईल. गाणी मेमरी कार्डात भरून मिळायची, तेव्हाची.

"आन् दुपारी काय करता, काकी?" भोजराजने विचारलं.

"आंग टाकाचं जरासक. झोप कोठची येते," सुमित्राबाई म्हणाली.

"कोणी राहते जवळ?"

"पाल राहते भितीवर. थेही बोलत नाही."

कुडव्याच्या नाक्यावर भोजराजचं मोबाईलचं दुकान होतं. गाणी भरून द्यायचा, पण आधी विचारून. कुठे ऐकणार, कोणत्या वेळी, सोबत कोण? वरातीला वेगळी, धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायांना वेगळी, ट्रकवाल्याला जागं ठेवणारी वेगळी. सुमित्राबाईला मात्र काही लागू पडेना. नवरा वारलेला, मुलगी सासरी. दर बाजाराच्या दिवशी ती रुमालाच्या गाठीतून कार्ड काढायची. "हे नाही जमलं गा. बदलून दे." त्याने सकाळचे अभंग दिले, दिवेलागणीची भजनं दिली, अख्खं कीर्तन दिलं. कीर्तनानेही ज्याचं पोट भरत नाही, असं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

आज त्याने हट्टच धरला. पहाटेपासून निजेपर्यंतचं सगळं एकाच कार्डात कोंबलं.

"घ्या काकी. आता वर्षभर चक्कर माराचं काम नाही."

सुमित्राबाईचा चेहरा उतरला. हात पुढे झाला नाही.

"मोबाईल द्या, लावूनच देतो."

ती पदराचं टोक चाळवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मोबाईल कोठचा गा. पोरीचा बिघडला, तिले देऊन टाकला. लय दिवस झाले."

"मंग हे गाणे कायले भरून नेऊन राहिल्या?"

"तू इचारतोस ना," ती म्हणाली. "सकाळी काय केलं, दुपारी काय केलं, जवळ कोण राहते. दुसरं कोणी इचारत नाही."

भोजराजने कार्ड पुन्हा कॉम्प्युटरला लावलं. भरलेलं सगळं पुसून टाकलं. मग स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"हे काही जमलं नाही, काकी. पयल्यापासून सांगा. आज भाजी कायची केली?"

मंडळी, कीर्तनात बुवा देवाचं नाव घ्यायला सांगतात, ते घ्याच. त्याच्या मागोमाग सुमित्राबाईचीही आठवण काढा.