रेंजची जागा

तलावात तरंगणाऱ्या पिवळ्या डब्यावरचा हिरवा दिवा बघून काठावरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमदासनंही वाजवल्या. विद्यापीठाच्या प्रकल्पावर तो सहायक होता आणि पलीकडच्याच तांड्यातला होता. डबा त्यानंच गळाभर पाण्यात उभं राहून बांधला होता.

यंत्र विद्यापीठाचं, पैसा सोया तेलाच्या कारखान्याचा. पाणी बिघडलं की डब्यातलं सिम प्रकल्पप्रमुख सरांच्या मोबाइलवर मेसेज पाठवणार, दिवा लाल होणार आणि तलावातले मासे वाचणार, असं फलकावर लिहिलं होतं. डबा बसायचा होता कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी. पण घोडं अडलं रेंजपाशी. नाल्याकडं मोबाइलला एक कांडीसुद्धा येत नव्हती. वरच्या अंगाला टेकाडाखाली मात्र चांगली रेंज होती. मेसेजच आला नाही तर यंत्र काय कामाचं, असं सर म्हणाले आणि डबा टेकाडाखाली गेला. तेव्हापासून दिवा कधी लाल झालाच नाही.

आज सकाळी नाल्याच्या तोंडाशी मासे उताणे होऊन तरंगत होते. प्रेमदासनं सरांना सांगितलं.

"आजचा कार्यक्रम होऊ दे," सर म्हणाले. "पुढच्या टप्प्याच्या करारावर सह्या व्हायच्यात. तुझी नोकरी त्याच्यावरच आहे."

मग त्यानं ते मासे घमेल्यानं उचलून बाभळीमागं पुरले. पुरायला कुणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. हात धुऊन त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला.

भाषणं चालू झाली न झाली तोच त्याची आई धुरपताबाई म्हशी घेऊन आली. तांड्याचा हापसा आटल्यापासून सगळ्यांची जनावरं इथंच पाण्यावर येत. जनावरांना उतरता येईल असा उतार नाल्याच्या बाजूलाच होता. पोरगं दिसलं तशी ती तिथंच थांबली.

"प्रेम्या, पाजू का रं पाणी?"

सगळे वळून बघू लागले. कारखान्याचे साहेब हसले. "सांगा की त्यांना, आपलं यंत्र काय म्हणतंय."

"पाणी चांगलं हाय म्हणून राहिलं यंत्र," प्रेमदास म्हणाला.

"यंत्राला न्हाई इचारून राहिले मी. तुला इचारून राहिले."

सर आपल्या बुटांकडं बघत होते. प्रेमदासला नुसतं 'नको' म्हणायचं होतं.

आईनं थोडी वाट पाहिली. त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग पुढं गेलेल्या म्हशीला काठीनं अडवलं आणि ती सगळ्या म्हशी माघारी वळवायला लागली. आता दुसरं पाणी म्हणजे नदीचा डोह, दोन कोसांवर.

"अहो, परत का चालल्या त्या?" साहेबांनी विचारलं.

"म्हशींना तहान नाही, साहेब," प्रेमदास म्हणाला.

उतारावर धुरपताबाई काठीवर काठी घालत होती. म्हशी काही केल्या पाण्याकडचं तोंड फिरवत नव्हत्या.