सुव्यवस्थित माघार

"हात धुतलेस?" इशरतने विचारलं.

"धुतले, दादी." इरमने पेपर अलगद मांडीवर घेतला.

इशरतने चुलीवरच्या टोपात तांदूळ घातले आणि वर आणखी एक मूठ टाकली. ती मूठ अयूबची, इरमच्या अब्बाची. घरातला माणूस दर्यावर गेला की त्याच्या नावाची मूठ रोज शिजवायची आणि तो उंबऱ्यात आला की थांबायचं, ही या घराची रीत. अयूब दर्यावर गेला नव्हता. तो काबूलजवळ परदेशी फौजेच्या तळावर खानसामा होता. पण परका मुलूख म्हणजे दर्याच, असं इशरत धरून चालली होती.

फोनवर तो म्हणाला होता, "अम्मा, आधी फौजी निघतील, मग आमचा नंबर."

"वाच," इशरत म्हणाली.

"'फौजांची सुव्यवस्थित माघार सुरू. टप्प्याटप्प्याने सर्वांना सुखरूप बाहेर काढणार.'"

"सर्वांना?"

"सर्वांना, दादी."

इशरतचा चेहरा निवळला. शेजारची दर्शना ताज्या कोळंबीची वाटी घेऊन आली होती. ती उंबऱ्यातच टेकली.

"चाची, कधीतरी दुसरा पेपर वाचा की. आमच्या पेपरात 'फौजेने पळ काढला' असं छापून आलं होतं."

"तुझा पेपर तुझ्याकडेच ठेव गो. पळणारा मागे बघत नाही. सुव्यवस्थित जाणारा माणसं मोजून नेतो. खानसाम्यालाही मोजतो."

"आणि मोजायला विसरला तर?"

"येऊ दे अयूबला, मग त्यालाच विचार. तुझ्या सोलकढीसाठी आधी तुझ्याकडेच धावेल मेला."

दर्शना हसली. मग उगाच पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पुढचं वाचू?" इरमने विचारलं.

"नको. पान उलटू नकोस. तेवढंच पुन्हा वाच."

इरमने पुन्हा वाचलं. तिची नजर दाराबाहेर, खाडीकडे होती.

तेवढ्यात पेपरवाल्याने अंगणातून आजचा पेपर टाकला. इशरतने तो न बघताच जमिनीवर पसरला आणि त्यावर कोळंबी सोलायला बसली.

इरमने मांडीवरचा पेपर जुन्या घडीवर मिटला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पेटीत ठेवला. पहिल्यांदा तो वाचताना 'सुव्यवस्थित' या शब्दापाशी ती अडखळली होती. तेव्हा ती दुसरीत होती. गेल्या महिन्यात ती सातवीत गेली.