थकल्या डोळ्यांचा विद्यार्थी

"महागाई वाढली की व्याजदर का वाढवतात?" तिने पुस्तकातून मान वर न काढता विचारलं.

"लोकांना अद्दल घडावी म्हणून," भाजी चिरता चिरता नवरा म्हणाला.

तिने कपाळावर हात मारला. हा धडा तिने त्याला मंगळवारीच दोनदा समजावला होता. आज तिसऱ्यांदा समजावला. त्याने मान डोलावली आणि शेवटी विचारलं, "ते कळलं गं, पण का?" मग तिला पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागली.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी व्हायचं खूळ या वर्षी अचानक त्याच्या डोक्यात शिरलं. "यंदा शेवटची संधी," तो म्हणाला होता. "पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येते. पण दिवसभर काचा बघून माझे डोळे थकतात. तू वाच, मी ऐकतो. स्वयंपाक माझ्याकडे."

तो तिच्याहून जेमतेम चार महिन्यांनी मोठा. म्हणजे तिचीही यंदा शेवटचीच संधी. हे तिच्या मनात आलं. तिने पुस्तक उघडलं. समोर थकल्या डोळ्यांचा विद्यार्थी कांदा केसासारखा बारीक चिरत होता.

आठ वर्षांपूर्वी ती याच परीक्षेला बसणार होती. बसणार काय, निघालीच होती. पायात चप्पल, हातात प्रवेशपत्र, आणि तेवढ्यात सासरे न्हाणीघरात घसरून पडले. नवरा दुकानाच्या कामासाठी परगावी. ती सासऱ्यांना दवाखान्यात घेऊन गेली, नावनोंदणीच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिली, आणि पेपर सुरू व्हायची वेळ तिने तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. पुढे त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला तिला नोकरी लागली. आता ती दिवसभर लोकांची नावं लिहून घ्यायची. घड्याळ अजून तिथेच होतं.

"माझ्या परीक्षेचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही," असं तिने तेव्हाच बजावलं होतं. त्याने तो कधी काढला नाही.

बारीक अक्षर वाचून तिचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा त्याने तिच्यासाठी पातळ काडीचा चष्मा करून आणला. पांढऱ्या भिंतीपुढे उभं करून मोबाईलवर तिचा फोटो काढला. "हसू नकोस, सरळ बघ. फ्रेम नीट बसलीय का, मालकाला दाखवतो." मग पांढरा कागद आणि काळं पेन पुढे केलं. "इथे सही कर. वॉरंटीसाठी."

"चष्म्याला वॉरंटी?"

"आमच्याकडे असते."

तिने सही केली. तो पुन्हा कणीक मळायला बसला.

परीक्षेला महिना उरला तेव्हा रविवारी सराव पेपर सुरू झाले. "छापील उत्तरांत चुका असतात," तो म्हणाला. "आधी तू सोडव, मग त्यावरून माझा तपास. आणि घड्याळ लावून सोडव, किती वेळ लागतो ते कळू दे."

दोन तास तिला कुणी हाक मारली नाही. पेपर संपला तेव्हा तिला इतकं छान वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली. परीक्षा त्याची, आणि आनंद आपल्याला कसला?

त्याला शंभरापैकी अकरा मिळाले.

"अरे, डोळे मिटून खुणा केल्या असत्यास तरी पंचवीस आले असते!"

"मेहनत घेतली मी," तो म्हणाला.

त्या दिवशी तिला रडू आलं. ही शेवटची संधी हा माणूस मातीत घालणार होता. पुस्तक मिटून सांगावं, तुझ्याऐवजी मला बसू दे, असं तिला फार फार वाटलं. पण अर्जाची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

परीक्षेच्या दिवशी त्याने तिलाही रजा टाकायला लावली. "सोबत चल. एकट्याने जायला मला नाही जमायचं."

सासरे सकाळपासून खुर्चीत बसून होते. "पोरी, आज मी इथून हलतच नाही," ते म्हणाले. "तू बिनघोर जा."

"चष्मा घेतलास?" नवऱ्याने दारात विचारलं.

"मला कशाला?"

"बाहेर बसून वर्तमानपत्र वाचशील."

केंद्राच्या फाटकाशी रांग लागली होती. तिने शेवटचं म्हणून विचारलं, "व्याजदर का वाढवतात?"

"कर्ज महाग झालं की लोक खर्चाला हात आखडता घेतात. मागणी घटते, भाव उतरतात."

तिचेच शब्द, जसेच्या तसे. ती बघतच राहिली. "मग इतके दिवस येत नव्हतं ते?"

"तू समजावतेस छान."

रांग पुढे सरकली. आतल्या वर्गांच्या खिडक्या दिसायला लागल्या, आणि आठ वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. "मला नुसतं त्या बाकावर बसायला मिळालं असतं ना, तरी पुरे होतं रे."

महिनाभर त्याने प्लास्टिकच्या पाकिटातलं ते प्रवेशपत्र तिला पाहू दिलं नव्हतं. नजर लागते म्हणायचा. आता ते त्याने रखवालदाराच्या हातात दिलं.

रखवालदाराने प्रवेशपत्र पाहिलं. मग नवऱ्याला हाताने बाजूला सारून त्याने मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे निरखून पाहिलं.

"फोटोत चष्मा आहे, बाई," तो म्हणाला. "तो लावा, आणि आत चला."