आयाबायांचं पुस्तक
कोरियात, सोलच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात माझ्या बढतीची मुलाखत होती. डीननी माझं पुस्तक दोन बोटांत धरून उचललं. "बान मॅडम, लाओसच्या खेड्यांतल्या आयाबायांसाठी पोरांच्या दुखण्याखुपण्यावर चित्रांचं पुस्तक? याला काय संशोधन म्हणायचं? नूडल्सचं गरम पातेलं टेकवायला बरंय!" समिती खिदळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवीतून मी त्याच पुस्तकाची जुनी प्रत काढून टेबलावर आपटली. तिकडच्या नर्सनं 'ही झिजली, नवी द्या' म्हणून परत पाठवलेली. मुखपृष्ठावर जळकं, काळं वर्तुळ होतं. "बघा, टेकवतातच पातेलं! पुस्तक चुलीपाशी पडलेलं असतं, म्हणून पोराला जुलाब लागले की आईला चटकन सापडतं." "मॅडम, आवाज खाली!" डीन ओरडले. "नाही करणार! तुमचे शोधनिबंध कपाटात कोरे करकरीत आहेत. पातेल्याचा डाग पडायला पुस्तक आधी कुणाच्या तरी घरात जावं लागतं, सर!"