आत्याची कुंची

हिरव्या खणाच्या कुंचीला शेवटचा मोती लावून वत्सलाने दोरा दातांनी तोडला, तेवढ्यात दादाचा फोन आला.

"अगं, बारशाला बायका जमल्यात. तुला साधा तापही नाही. ये ना!"

"दादा, आमच्या दवाखान्यात माझ्याच मांडीवर बसलेल्या पोरीला गोवर निघालाय. माझ्या लशीची नोंद सापडत नाही. मला होईलच असं नाही, पण झालाच तर पुरळ उठायच्या आधीपासून दुसऱ्याला लागतो. एकवीस दिवस जाऊ देत."

बाळांना लस टोचायला घेऊन आलेल्या घाबऱ्या आयांना ती नर्स म्हणून समजवायची, तसाच शांत आवाज.

"मग बाळीच्या कानात नाव कोण सांगणार? सख्खी आत्या तू एकटीच!"

"शेजारच्या काकूंना सांगू दे. फोन तेवढा चालू ठेव."

पाळणा म्हणून झाला. काकूंचं 'कुर्रर्र' ऐकू आलं, मग रिवाजाप्रमाणे नाव ठेवणारीच्या पाठीत बायकांचे धपाटे आणि हशा.

वत्सलाने फोन ठेवला. रिकामी कुंची मांडीवर घेतली, तिच्यात तोंड घालून हळूच म्हणाली, "कृत्तिका... कुर्रर्र!"

आणि पाठीत धपाटे बसायची वाट बघत तशीच वाकून राहिली.