पाहुण्याची जागा

येडशीला माहेरी आलेली निकिता आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत बसली होती. तूर निवडता निवडता आईनं विचारलं, "दिवसभर करतीस तरी काय गं?"

"जुन्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालवते. तो पाहुणा. त्याला मेमरीत ठरावीकच जागा द्यायची, पण त्याला वाटलं पाहिजे की अख्खं घर आपलंच आहे."

"अन् घरच्यानं कुठं ऱ्हायचं?"

"उरलेल्या जागेत. पाहुण्याला दिसणार नाही असं."

आई हसली. "एवढ्यासाठी तुला इंजिनेर केलं व्हय? बायकांना जन्मापासनं येतंय की हे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही. झोपेतच गेली.

तेराव्यानंतर आईच्या साड्या काढायला म्हणून निकितानं आतल्या खोलीतलं आईचं कपाट उघडलं. त्यात तिचे स्वतःचे चार ड्रेस होते, बाकी सगळे कप्पे रिकामे. आईच्या साड्या सापडल्या स्वयंपाकघरात, धान्याच्या कोठीमागं, एका गाठोड्यात.



गाठोडं मांडीवर घेऊन ती रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाली, "आई, मी पाव्हणी न्हवते गं."